सरहद्दीवरचा पंतप्रधान

मराठी वाचकाला इटली ठाऊक आहे, पण तुटक तुटक. सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले ते १९०७ साली. तेव्हापासून मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे आपल्याकडे घरची झाली. त्यानंतर आपल्याला आठवतो तो एकदम मुसोलिनी. मिलानच्या चौकात त्याचे प्रेत उलटे टांगले गेले, की आपल्या मनातला इटलीचा इतिहास तिथेच संपतो. त्या चौकात जमलेल्या माणसांचे पुढे काय झाले, मोडून पडलेला तो देश कोणी उभा केला, हे आपण फारसे विचारलेच नाही.

खरे तर त्या भूमीशी आपले रक्ताचे नाते आहे. कोकणातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी, सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून आणि गोळीबारातून आपले जखमी सोबती सुरक्षित जागी आणले. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या मातीत आपली माणसे पडली, त्या मातीत पुढे काय उगवले हे जाणून घेण्याचा हक्क आपल्याला आहे, असे मला वाटत आले आहे. या पुस्तकाची सुरुवात त्या भावनेतून झाली.

आल्चिदे दे गास्पेरी डिसेंबर १९४५ ते ऑगस्ट १९५३ इटलीचे पंतप्रधान होते. या काळात त्यांनी एकापाठोपाठ एक आठ मंत्रिमंडळे बनवली. राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले ते त्यांच्या कारकिर्दीत. पराभवाचा तह, नवी राज्यघटना, जमीनसुधारणा, नाटोतला प्रवेश आणि युरोपच्या एकीची पहिली पावले हे सगळेही याच आठ वर्षांतले. तरीही हा माणूस मला सर्वांत आधी भावला तो त्याच्या कर्तबगारीमुळे नव्हे. आयुष्याची पहिली सदतीस वर्षे तो ज्या देशाचा नागरिक होता, तो देश इटली नव्हता. त्याच्या सगळ्या राजकारणाचे मूळ मला इथे दिसते.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८१ रोजी त्रेन्तिनो प्रांतातल्या प्येवे तेझीनो या डोंगरी गावात झाला. भाषा इटालियन, देवळातली प्रार्थना कॅथलिक, आणि राज्य ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे. वडील त्याच सम्राटाच्या पोलीस दलात नोकरीला होते. म्हणजे घरात बोलायचे एका भाषेत आणि पगार यायचा दुसऱ्या भाषेतल्या सरकारकडून. मुलगा हुशार निघाला, शिकायला व्हिएन्नाला गेला आणि भाषाशास्त्राची पदवी घेऊन आला. १९०४ साली इन्सब्रुकमध्ये इटालियन विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या प्रश्नावरून दंगल झाली, तेव्हा त्यांना काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. १९०५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते त्रेन्तोतल्या कॅथलिक वृत्तपत्राचे संपादक झाले.

त्रेन्तो हे लहान शहर. तिथे १९०९ साली आणखी एक तरुण पत्रकार समाजवादी पत्राचा संपादक म्हणून आला आणि काही महिने राहून हद्दपार झाला. त्याचे नाव बेनितो मुसोलिनी. त्या काही महिन्यांत त्याने आपल्या पत्रातून दे गास्पेरींवर यथेच्छ चिखलफेक केली. पुढे एकाने दुसऱ्याला तुरुंगात टाकले आणि दुसऱ्याने पहिल्याच्या चुकांचे ओझे जगापुढे वाहिले. इतिहासात अशा गाठी क्वचितच इतक्या स्पष्ट दिसतात.

१९११ मध्ये दे गास्पेरी व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले. तिथे ते साम्राज्यातल्या लहानशा इटालियन गटाचे प्रतिनिधी होते. बहुसंख्याकांच्या सभागृहात अल्पसंख्य म्हणून उभे राहायचे, आपल्या शाळा आणि आपली भाषा यांसाठी कायद्याच्या चौकटीत भांडायचे, आणि हे सगळे करताना देशद्रोही ठरायचे नाही, ही कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्रेन्तिनोचे तरुण ऑस्ट्रियाच्या गणवेशात रशियाविरुद्ध लढायला गेले. १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली आणि रणभूमी त्यांच्या गावांच्या उंबरठ्याशी आली. हजारो कुटुंबांना उठवून बोहेमिया आणि ऑस्ट्रियातल्या छावण्यांत नेऊन ठेवले गेले. दे गास्पेरी त्या छावण्यांतून हिंडत राहिले, खाण्यापिण्याची, शाळांची, आजाऱ्यांची व्यवस्था बघत राहिले. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि सरहद्द त्यांच्या गावावरून पुढे सरकली. घर तेच राहिले, देश बदलला. पुढे रोममधले विरोधक त्यांना ‘ऑस्ट्रियाचा माणूस’ म्हणून हिणवत. तो शिक्का शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

नव्या देशात ते दॉन लुईजी स्तुर्त्सो या सिसिलियन धर्मगुरूने १९१९ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स पार्टीत गेले आणि १९२१ मध्ये रोमच्या संसदेत पोहोचले. इथे चरित्रकाराने काही झाकू नये. ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीस मुसोलिनीचे पहिले मंत्रिमंडळ बनले, त्यात या पक्षाचे मंत्री होते आणि दे गास्पेरींनी त्याला संमती दिली होती. सत्तेत आला की तो माणसाळेल, असा अनेक शहाण्यांचा समज होता. त्यांचाही होता. १९२३ मध्ये निवडणुकीचा नवा कायदा आला: पंचवीस टक्के मते मिळवणाऱ्या आघाडीला सभागृहातल्या दोन तृतीयांश जागा. त्या वेळी दे गास्पेरी पक्षाच्या संसदीय गटाचे नेते होते आणि त्यांचा बहुतांश गट मतदानात तटस्थ राहिला. त्या तटस्थतेची किंमत फार मोठी होती. १० जून १९२४ रोजी समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांचा फॅसिस्टांनी खून केला. मग विरोधकांनी सभागृहावर बहिष्कार टाकला, पण तोवर उशीर झाला होता. स्तुर्त्सोंना देश सोडावा लागला, पक्षाची धुरा दे गास्पेरींकडे आली आणि १९२६ मध्ये पक्षच बेकायदा ठरला.

मार्च १९२७ मध्ये ते पत्नी फ्रान्चेस्का हिच्यासह रेल्वेने जात असताना त्यांना पकडले गेले. शिक्षा चार वर्षांची झाली. रोमच्या रेजिना चेली तुरुंगातून त्यांनी पत्नीला लिहिलेली पत्रे मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. ती वाचताना राजकारणी माणूस जवळजवळ दिसेनासा होतो. लहान मुलींची काळजी, प्रकृतीची विचारपूस आणि श्रद्धेला घट्ट धरून राहणे, एवढेच त्यांत आहे. जुलै १९२८ मध्ये ते सुटले, पण पोलिसांची पाळत सुटली नाही. सत्तेचाळीस वर्षांचा, एकेकाळी दोन देशांच्या संसदांत बसलेला हा माणूस जर्मन पुस्तकांची भाषांतरे करून घर चालवू लागला.

१९२९ मध्ये त्यांना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात काम मिळाले. काम होते पुस्तकांच्या नोंदी करण्याचे: कार्डे लिहायची, सूची लावायची. त्याच वर्षी पोप आणि मुसोलिनी यांच्यात करार झाला होता, म्हणजे ज्या चर्चच्या आश्रयाला ते आले तेच चर्च त्यांच्या छळकर्त्याशी हस्तांदोलन करत होते. ते तिथे चौदा वर्षे राहिले. टोपणनावाने परराष्ट्र घडामोडींवर लेख लिहीत, आणि दिवसभर कार्डांवर लेखकांची नावे नीट वर्णक्रमाने उतरवत. या चौदा वर्षांबद्दल त्यांचे बहुतेक चरित्रकार एखाद्या परिच्छेदात पुढे जातात. मी या पुस्तकात तिथे बराच रेंगाळलो आहे. ऐन कर्तेपणाची वर्षे अशी निघून जात असताना माणूस कडवट कसा झाला नाही, याचे उत्तर मला शोधायचे होते. तिथेच एक तरुण पोपच्या जुन्या आरमाराविषयी माहिती शोधत आला आणि या ग्रंथपालाशी त्याची ओळख झाली. तो ज्युलिओ आंद्रेओत्ती. दे गास्पेरींनी त्याला राजकारणात आणले आणि पुढे तो स्वतः सात वेळा पंतप्रधान झाला.

१९४२-४३ मध्ये गुपचूप बैठका सुरू झाल्या आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष आकाराला आला. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी रोम ताब्यात घेतल्यावर दे गास्पेरी लॅटरनच्या धर्मविद्यालयात लपले. त्याच इमारतीत समाजवादी नेते पिएत्रो नेन्नीही लपलेले होते. पुढे निवडणुकांत एकमेकांवर तुटून पडणारे हे दोघे त्या दिवसांत एकाच छपराखाली, एकाच भीतीखाली राहिले.

१० डिसेंबर १९४५ रोजी ते पंतप्रधान झाले तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. २ जून १९४६ च्या सार्वमतात इटलीच्या स्त्रियांनी पहिल्यांदाच देशपातळीवर मत दिले. प्रजासत्ताकाला सुमारे १ कोटी २७ लाख मते पडली, राजेशाहीला १ कोटी ७ लाख. उत्तर आणि दक्षिण दोन वेगळ्या देशांसारखी मतदान करून मोकळी झाली होती. राजा उंबेर्तो निकालाला हरकत घेऊन अडून बसला, तेव्हा दे गास्पेरींनी राष्ट्रप्रमुखाची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि राजा १३ जूनला देश सोडून गेला. रक्त सांडायची शक्यता होती, पण यादवी झाली नाही.

आणि मग पॅरिस. १० ऑगस्ट १९४६, लक्झेंबर्ग राजवाडा, शांतता परिषदेत एकवीस विजयी राष्ट्रे. भारताचे शिष्टमंडळही तिथे होते. पराभूत देशाचा पंतप्रधान व्यासपीठाकडे चालत गेला तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. आपल्या वैयक्तिक सौजन्याखेरीज इथले सारे काही माझ्या विरोधात आहे याची मला जाणीव आहे, अशा अर्थाच्या शब्दांनी त्यांनी सुरुवात केली. ज्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले, तिच्या गुन्ह्यांचा आरोपी म्हणून ते उभे होते. ‘मी नव्हतो त्यांत’ असे म्हणायचा पूर्ण नैतिक अधिकार असूनही त्यांनी तो वापरला नाही. ते देशाच्या वतीने बोलले. भाषण संपल्यावरही कोणी टाळी वाजवली नाही. जागेवर परतताना अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी तेवढा हात पुढे केला.

याच भाषणात आणि त्यामागच्या धोरणात एक आंधळा कोपराही आहे, आणि भारतीय वाचकाला तो खटकल्याशिवाय राहणार नाही. फॅसिझमच्या आधी मिळवलेल्या आफ्रिकेतल्या वसाहती इटलीकडे राहाव्यात अशी दे गास्पेरींच्या सरकारची इच्छा होती. स्वतः परक्या साम्राज्यात वाढलेल्या माणसाला लिबिया किंवा एरिट्रियाच्या माणसाची जागा दिसली नाही. १० फेब्रुवारी १९४७ च्या तहाने त्या वसाहती काढून घेतल्या, इस्त्रियाचा बहुतेक भाग युगोस्लाव्हियाला गेला आणि ३६ कोटी डॉलरची भरपाई लादली गेली. तहावर भारतानेही सही केली.

मात्र पॅरिसमधल्याच एका दुसऱ्या कागदावर हा सरहद्दीचा माणूस पूर्ण उमलून दिसतो. ५ सप्टेंबर १९४६ रोजी त्यांनी ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर यांच्याशी दक्षिण टायरॉलविषयी करार केला. आता पारडे उलटे फिरले होते. त्रेन्तिनोच्या उत्तरेला जर्मनभाषक लोक इटलीच्या राज्यात अल्पसंख्य म्हणून राहत होते आणि मुसोलिनीने त्यांच्या शाळा, त्यांची नावेसुद्धा हिसकावली होती. व्हिएन्नात जे मागत दे गास्पेरींचे तारुण्य गेले तेच त्यांनी या लोकांना कबूल केले: मातृभाषेत शिक्षण, भाषांची समानता, स्वायत्तता. अंमलबजावणी अपुरी झाली हेही खरे. स्वायत्त प्रदेशात त्रेन्तिनो जोडल्यामुळे जर्मनभाषक पुन्हा अल्पसंख्यच राहिले, आणि तो सल दूर व्हायला १९७२ चा नवा कायदा यावा लागला. तरी पाया त्या छोट्याशा कराराचाच.

जानेवारी १९४७ मध्ये ते अमेरिकेला गेले. अंगावरचा ओव्हरकोट पक्षातल्या सहकाऱ्याकडून मागून आणलेला होता, असे सांगतात. परतताना त्यांनी १० कोटी डॉलरचे कर्ज आणले. मे महिन्यात त्यांनी कम्युनिस्ट आणि नेन्नींचे समाजवादी यांना वगळून सरकार बनवले आणि अर्थकारण लुईजी ऐनाउदींच्या हाती दिले. अमेरिकेच्या सांगण्यावरून केले, हा आरोप तेव्हापासून होत आला आहे. शीतयुद्धाचा दाब होता यात वाद नाही. पण सरकारबाहेर काढलेले कम्युनिस्ट घटना समितीत शेवटपर्यंत काम करत राहिले. डिसेंबर १९४७ मध्ये राज्यघटनेवर तीन सह्या झाल्या: हंगामी राष्ट्रप्रमुख दे निकोला, घटना समितीचे कम्युनिस्ट अध्यक्ष उंबेर्तो तेर्राचीनी, आणि दे गास्पेरी. दोन्ही बाजूंना याचे श्रेय आहे. भांडणे रस्त्यावर पेटली होती तेव्हा या माणसांनी एका टेबलाभोवतीचे काम सोडले नाही.

१८ एप्रिल १९४८ ची निवडणूक ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी जीत. ख्रिश्चन डेमोक्रॅट्सना ४८.५ टक्के मते, डाव्या आघाडीला ३१. कनिष्ठ सभागृहातल्या ५७४ पैकी ३०५ जागा. एकट्याने राज्य करता आले असते, पक्षातले बरेच जण आणि चर्चमधले वजनदार लोक तेच सांगत होते. त्यांनी लिबरल, रिपब्लिकन आणि सोशल डेमोक्रॅट या लहान पक्षांना बरोबर घेतले. देश नुसता कॅथलिकांचा होऊ नये, धर्मावर पक्ष चालवणाऱ्याने धर्माच्या नावाने राज्य चालवू नये, हा त्यांचा आग्रह होता. बहुमत हाती असताना ते वाटून घेणारे पुढारी फार थोडे. सभागृहातल्या मागच्या बाकावर अल्पसंख्य म्हणून बसण्याची चव ज्याने घेतली होती, त्यालाच हे सुचू शकले असे मी मानतो.

या वर्षांची दुसरी बाजूही पुस्तकात आहे. गृहमंत्री मारिओ शेल्बा यांच्या पोलिसांचा हात सैल होता. ऑक्टोबर १९४९ मध्ये कालाब्रियातल्या मेलिस्सा गावी पडीक जमीन कसायला निघालेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तिघे मेले. जानेवारी १९५० मध्ये मोदेनात सहा कामगार मारले गेले. पंतप्रधान म्हणून ती जबाबदारी दे गास्पेरींची होती आणि ती त्यांच्या खात्यातून वजा करता येत नाही. त्याच १९५० साली जमीनदारांच्या जमिनी वाटणारे कायदे आले, दक्षिणेच्या विकासासाठी खास निधी उभारला गेला. त्यांच्या स्वतःच्या पक्षातले जमीनदार त्यामुळे दुरावले. मातेराच्या दगडी गुहांत माणसे आणि जनावरे एकत्र राहत असलेली त्यांनी जाऊन पाहिली आणि १९५२ मध्ये त्या लोकांच्या पुनर्वसनासाठी कायदा झाला.

त्याच १९५२ मध्ये त्यांच्या श्रद्धेची परीक्षा झाली. रोम महापालिकेच्या निवडणुकीत कम्युनिस्ट जिंकतील या भीतीने व्हॅटिकनला राजेशाहीवादी आणि नवफॅसिस्ट यांच्यासह आघाडी हवी होती. दे गास्पेरींनी ठाम नकार दिला. नंतर लग्नाचा तिसावा वाढदिवस आणि संन्यासिनी झालेली मुलगी लुचिया हिचे अखेरचे व्रत, या निमित्ताने त्यांनी पोप बाराव्या पायसची सहकुटुंब भेट मागितली. भेट नाकारली गेली. त्यावर त्यांनी राजदूतामार्फत कळवले ते असे, की ख्रिस्ती म्हणून हा अपमान मी सोसतो, पण इटलीचा पंतप्रधान म्हणून मला खुलासा मागावाच लागेल. रोज प्रार्थना करणाऱ्या या माणसाने इटलीच्या सरकारची आणि चर्चची हद्द कुठे आहे हे इतक्या शांतपणे दाखवून दिले. माझ्या लेखी त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत उंच क्षण आहे, पॅरिसहूनही.

युरोपच्या एकीविषयी बोलताना फ्रान्सचे शुमान, जर्मनीचे आडेनावर आणि इटलीचे दे गास्पेरी ही तीन नावे एकत्र घेतली जातात. शुमान लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले आणि लॉरेनचे, आडेनावर ऱ्हाईनकाठचे, दे गास्पेरी त्रेन्तिनोचे. तिघेही सरहद्दीवर वाढलेले, आणि एकमेकांशी जर्मनमध्ये बोलू शकणारे. कोळसा-पोलाद समुदायाच्या पुढे जाऊन युरोपचे समाईक सैन्य आणि त्यावर लोकांनी निवडलेली समाईक संसद हवी, असा दे गास्पेरींचा हट्ट होता. १९५२ च्या संरक्षण समुदाय करारातले अडतिसावे कलम त्याच हट्टातून आले.

१९५३ मध्ये त्यांनी स्वतःच एक निवडणूक कायदा आणला: निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्या आघाडीला ६५ टक्के जागा. १९२३ च्या कायद्याशी त्याची तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण इथे खरे बहुमत आवश्यक होते. तरी ज्याने तो काळ पाहिला होता त्याने ही वाट धरायला नको होती. विरोधकांनी त्याला ‘फसवणुकीचा कायदा’ म्हटले आणि ते नाव चिकटले. ७ जूनच्या मतदानात आघाडीला पन्नास हजारांहून थोडी अधिक मते कमी पडली. निकालाला त्यांनी हरकत घेतली नाही. जुलैअखेरीस आठव्या मंत्रिमंडळाला संसदेने विश्वास नाकारला आणि ते पायउतार झाले.

पुढच्या वर्षी, दॉन कामिल्लोच्या गोष्टींचे लेखक जोवान्नीनो ग्वारेस्की यांनी आपल्या साप्ताहिकात दोन पत्रे छापली. युद्धकाळात दे गास्पेरींनी दोस्त राष्ट्रांना रोमवर बॉम्ब टाकायला सांगितले, असा त्या पत्रांचा अर्थ होता. दे गास्पेरींनी पत्रे बनावट असल्याचे सांगून खटला भरला, न्यायालयाने ग्वारेस्कींना बदनामीबद्दल शिक्षा दिली आणि ते तुरुंगात गेले. आयुष्यभरात दे गास्पेरींनी अनेक शिव्या मुकाट्याने गिळल्या होत्या, ही एक त्यांना गिळता आली नाही.

१९ ऑगस्ट १९५४ रोजी वाल्सुगानातल्या सेल्ला या डोंगरवस्तीत त्यांचा मृत्यू झाला. शेवटच्या दिवसांत ते फ्रान्समधून येणाऱ्या बातम्यांनी व्याकूळ होते. अकरा दिवसांनी, ३० ऑगस्टला, फ्रान्सच्या संसदेने संरक्षण समुदायाचा करार निकालात काढला. त्यांचा देह रेल्वेने रोमला नेला गेला आणि वाटेवरच्या स्टेशनांवर लोक उभे होते. शहराच्या जुन्या तटाबाहेरच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये, मूर्तिकार जाकोमो मान्झू यांनी घडवलेल्या समाधीत ते विसावले आहेत. हे चर्च १९ जुलै १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात बरेचसे कोसळले होते आणि त्यांच्या कारकिर्दीत पुन्हा बांधले गेले.